सड्यावरून डिचोलीला

पेडण्याहून डिचोलीस जाण्याचा योग मला आजवर कितीतरी वेळा आला. कधी शाळेच्या कामासाठी, कधी नात्यातील लग्नामुंजीच्या निमित्ताने. परंतु गेल्या माघातील प्रवास निराळा होता. टेंपोच्या हौद्यात दोरखंडांनी आवळलेली एक बुटकी, बिनछपराची मोटार होती आणि तिचा कर्ता, माझा भाचा, माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

आयटीआयचे शिक्षण संपल्यावर दोन वर्षे खपून त्याने ही गाडी घरामागच्या पडवीत उभी केली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा त्याने स्वतः जोडलेला. इंजिन, पुढच्या चाकांचे हब व स्टिअरिंगचा रॅक मात्र एका जुन्या मारुती ८०० चा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनविलेली गाडी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी त्यांचे कौतुक केले, पण अशी गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडविली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या मोबदल्यात बोलेरो देऊ केली. आमच्या घरी ती बातमी दोन प्रकारे वाचली गेली. भाच्याने कौतुक वाचले, माझ्या बहिणीने नियम वाचला.

म्हणून गाडीची परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर न करता आमच्या एका आप्तांच्या मालकीच्या सड्यावर व्हावयाची. पेडणे महालातील हे जांभ्याचे सडे पावसाळ्यात हिरवेगार आणि माघात तव्यासारखे कोरडे. मोपाच्या सड्यावर तर २०२२ च्या अखेरीस विमानतळाचे उद्घाटन झाले; आमच्या वाट्याला उरलेला तुकडा लहानच. तेथे एका सायंकाळी गाडीचे डावे चाक खडकाच्या उंचवट्यावर चढले आणि गाडी आपण होऊन डावीकडे धावली. काजूच्या बागेचा गडगा वीतभर अंतरावर राहिला. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, ही भंगारात घाल, नाहीतर मी घालते."

मी आठ दिवसांची मुदत मागितली.

धारगळ मागे टाकून आम्ही कोलवाळच्या पुलावर आलो. खाली शापोरा नदी संथ वाहत होती. थिवी, अस्नोडा गेले आणि मुळगावपासून मातीचा रंग बदलू लागला. एके काळी या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांची रांग तुटत नसे. झाडांची पाने लाल धुळीने माखलेली असत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ चालू झाल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या. धूळ बसली, आणि तिच्याबरोबर कित्येक घरांची मिळकतही. आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो ते मेस्त्री त्याच ट्रकांच्या पुढच्या आसांवर हयात घालविलेले. आता त्यांच्या गॅरेजात दोन रिक्षा व एक पाण्याचा टँकर उभा होता.

"मास्तर, मुलाने जोडकाम चांगले केले आहे," गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले. मग भाच्याकडे वळून विचारले, "बाबा, वळण घेतल्यावर चाक आपसूक सरळ येते काय?"

"नाही. मलाच ओढून आणावे लागते."

भाच्याने रॅक, दांडे, टायर, सारेच बदलण्याची यादी करून आणली होती. मेस्त्रींनी ती घडी करून परत दिली. प्रथम टायरांतील हवा पाहिली, मग चाके हलवून बेअरिंग व जोड ढिले नाहीत याची खात्री करून घेतली. ओळंबा लावताच पहिला दोष सापडला. चाक ज्या दोन जोडांभोवती वळते, ते बरोबर एकाखाली एक होते. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणूनच ती सरळ राहू पाहते. तो कल येथे नव्हता. दोन जोडांमधील अंतर २०० मिलिमीटर होते. वरचा जोड १४ मिलिमीटर मागे घेतला की सुमारे ४ अंशांचा कल मिळतो, हे त्रिकोणमितीचे गणित मी खडूने फरशीवर मांडले. माझा उपयोग झाला तो एवढाच.

दुसरा दोष अधिक लपलेला होता. त्यांनी स्प्रिंग काढली, स्टिअरिंग सरळ बांधून ठेवले, चाकाला एक सपाट फळी बांधली आणि जॅकने चाक हळूहळू वर उचलले. फळीचे पुढचे टोक आपोआप बाहेर सरकू लागले! चाक धरणारा हात व स्टिअरिंगचा दांडा हे दोघेही वर जाताना वर्तुळाचा कंस काढतात. ते कंस जुळले नाहीत तर दांडाच चाकाला वळवतो. येथे आसाच्या पुढे बसविलेला रॅक गरजेपेक्षा उंच होता. उंचवट्यावर चढलेले चाक म्हणूनच डावीकडे वळले होते.

रॅक थोडा खाली घ्यावा, पुन्हा चाक उचलावे, पुन्हा मोजावे, असे चार वेळा झाले. प्रत्येक माप मेस्त्रींनी भाच्याकडून वहीत लिहून घेतले आणि एका वेळी एकच बदल करू दिला. सर्वांत शेवटी दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून पुढची चाके किंचित आत वळती केली. हे आधी केले असते तर प्रत्येक बदलाबरोबर बिघडले असते.

मी खुर्चीवर बसून ते पाहत होतो. तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील चुकलेल्या गणितांवर मी तांबडी फुली मारीत आलो. गणित कोणत्या पायरीवर चुकले हे शोधण्याइतका वेळ मी किती वह्यांना दिला असेन?

पुढच्या रविवारी सड्यावर गाडी त्याच उंचवट्यावरून गेली. हादरली, पण वाट सोडली नाही. गडग्यापाशी उभी असलेली बहीण काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने भाच्याला विचारले, "त्या मेस्त्रींकडे शिकायला कोणी मुलगा आहे का रे?"

सोमवारपासून तो सकाळच्या बसने डिचोलीला जातो.