कोलोसीचे गुऱ्हाळ

सायप्रस बेटावर आम्ही उभयता गेलो ते द्राक्षांच्या ओढीने, आणि मन गुंतून पडले ते उसाच्या घाण्यात. लिमासोल शहराच्या पश्चिमेस कोलोसी येथे हॉस्पिटलर पंथाच्या धर्मयोद्ध्यांचा एक तीन मजली चौकोनी बुरूज आहे; लुई द मान्याक नावाच्या त्यांच्या अधिपतीने १४५४ साली तो आजच्या स्वरूपात उभारला. अरुंद जिना चढून, गच्चीवरून भोवतालच्या बागांवर दृष्टी टाकून प्रवासी परत फिरतात. आम्हीही परतलोच असतो, परंतु बुरुजाशेजारची लांबट, कमानदार छताची दगडी इमारत आणि तिच्याकडे येणारा पाण्याचा उंच पाट पाहून पत्नी थबकली आणि म्हणाली, "अहो, हे तर गुऱ्हाळ दिसतंय."

ते गुऱ्हाळच होते. हिंदुस्थानातून इराणात आणि तेथून अरबांच्या समवेत पश्चिमेकडे सरकत गेलेला ऊस मध्ययुगात या बेटावर रुजला, आणि या धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीत साखर हे महसुलाचे मोठे साधन झाले. पाटाच्या पाण्यावर दगडी जाते फिरे, रस तांब्याच्या काहिलींत आटे, आणि तो पाक बुडाशी भोक असलेल्या निमुळत्या मातीच्या भांड्यांत ओतला, की काकवी हळूहळू निथळून साखर मागे उरे. शेजारच्या एपिस्कोपी गावी व्हेनिसच्या कोर्नारो घराण्याचे उसाचे मळे होते. नदीच्या पाण्यावरून या दोन शेजाऱ्यांत तंटे आणि फिर्यादी चालत, हे वाचून उसाच्या मुलखात वाढलेल्या पत्नीला काडीचेही नवल वाटले नाही.

तिचे माहेर पंचगंगेच्या काठचे. विवाहानंतरच्या पहिल्याच थंडीत सासऱ्यांनी मला रात्री मळ्यात नेले, त्या रात्रीचे गुऱ्हाळ माझ्या डोळ्यांपुढे अजून जसेच्या तसे उभे आहे: एका बाजूस चरकातून पडणारा हिरवट, फेसाळ रस, दुसऱ्या बाजूस चुलाणाच्या तोंडाशी बसून वाळली चिपाडे आत सारणारा, घामाने निथळणारा जळव्या, आणि मध्ये काहिलीवर वाफेत अर्धवट दिसणारा वृद्ध गुळव्या, ज्याच्या शब्दाशिवाय त्या रात्री तिथे पानही हलत नव्हते. भेंडीचे पाणी घातल्यावर वर आलेली मळी त्याने झाऱ्याने काढली. रसाचा रंग पिवळ्यावरून तांबूस होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग ओला हात करून त्याने उकळत्या पाकातले चिमूटभर उचलले, गार पाण्यात धरले, बोटांत त्याची गोळी वळली आणि भांड्याच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकला. "उतरा," तो म्हणाला, आणि माणसे धावली. काहील वाफ्यात रिती झाली. सासरे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जावईबापू, ह्याचा अंदाज घटकाभर चुकला तर वर्षाची मेहनत मातीत." पत्नीने तेवढ्यात उसाचे सोललेले कांडे पाकात बुडवून माझ्या हाती दिले. लग्नात आम्ही एकमेकांशी फारसे बोललोच नव्हतो. आमचे खरे बोलणे त्या चुलाणाच्या उजेडात सुरू झाले.

कोलोसीच्या भिंतीवर मान्याकाचे कुलचिन्ह राजघराण्याच्या चिन्हांसह ठळकपणे कोरलेले आहे. तिथल्या काहिलीवर पाक ओळखणारा कोण होता, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार? मला वाटते, साखर त्याची होती.

पुढे मदेरा बेटाची आणि मग अमेरिकेकडची स्वस्त साखर बाजारात आली आणि इथला ऊस गेला. द्राक्षे मात्र राहिली. त्रोदोस पर्वताच्या दक्षिण उतारावरील चौदा गावांत आजही मावरो आणि क्सिनिस्तेरी ही द्राक्षे तोडून उन्हात पसरतात, ती सुरकुतून गोड झाली की गाळतात, आणि त्यांचे मद्य ओकच्या पिंपांत निदान दोन वर्षे मुरवतात. धर्मयोद्ध्यांच्या याच जहागिरीवरून त्यास कोमांदारिया म्हणतात. इंग्लंडच्या रिचर्ड राजाचे लग्न ११९१ साली लिमासोल येथेच लागले. त्या मेजवानीत हेच मद्य होते असे इथले लोक अभिमानाने सांगतात. एका गावातल्या तळघरात ते आमच्यापुढे आले तेव्हा लहानशा पेल्यात तपकिरी, दाट, मनुका आणि अंजिराच्या वासाचे काही होते. पत्नीने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकवी." कोरड्या, आंबूस मद्यांची थोरवी जाणकार सांगतात, मला गोडच रुचते.

पाफोसला डायोनिससच्या वाड्यातील फरसबंदी चित्रांत इकारियोस नावाचा शेतकरी मद्याच्या पखालींनी भरलेल्या गाडीच्या बैलांचे कासरे धरून उभा आहे. डायोनिसस देवाने त्याला मद्याची विद्या दिली, त्याने ते मेंढपाळांना पाजले, आणि विषप्रयोग झाला असे समजून लोकांनी त्यालाच मारले. चित्रकाराने हत्या दाखवलेली नाही. पिऊन सैल झालेली दोन माणसे दाखवून, हे पहिले मद्यपी, असे वर लिहून तो थांबला आहे. हा त्याचा संयम मला फार आवडला. पत्नी बैल पाहत राहिली आणि उशीर झाला, म्हणून तिथल्या राजांच्या थडग्यांकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. ती राजांची नाहीतच. श्रीमंत सरदार आणि अंमलदार तिथे पुरलेले आहेत. एका थडग्यात खडकात कोरलेल्या खांबांचा मोकळा चौक आहे. तिथे सावलीला बसून आम्ही बाजारातून घेतलेली द्राक्षे संपवली.