पहिल्या क्रमांकाचे मोल

रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता, या वादाला अंत नाही. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली ५०० अल्बमांची क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) पहिला, तर मार्व्हिन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) सहावा होता. २०२० साली तीनशेहून अधिक कलावंत, निर्माते व समीक्षकांचा नव्याने कौल घेतला गेला. गे पहिले आले. 'सार्जंट पेपर्स' चोविसाव्या स्थानी उतरला. सूर तेच होते. कौल देणारे बदलले होते.

मग अशा निवाड्याला अर्थ तो काय? आम्हांस वाटते, अर्थ आहे. मात्र माप कोणते लावले, हे आधी सांगितले पाहिजे. बीटल्सनी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण करून स्टुडिओलाच वाद्य बनविले. नावीन्य हे माप मानले, तर त्यांचा मान वादातीत. गे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या भावाच्या डोळ्यांनी आपला देश पाहिला. युद्ध, दारिद्र्य आणि पृथ्वीची विटंबना गाण्यांत आणली. त्यांचे शीर्षकगीत काढण्यास मोटाऊनचे प्रमुख बेरी गॉर्डी प्रथम राजी नव्हते.

आमचा कौल गे यांना. नवलाईची पुढे सवय होते. दुःखिताची हाक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने ऐकावी लागते. वाचकांचे माप निराळे असेल, तर त्यांनी ते अवश्य मांडावे.