तांबड्या पेशींचे 42 दिवस

14 एप्रिल
जयंतीनिमित्त अंबडला रक्तदान शिबिर झालं. रांगेत कॉलेजची पोरं जास्त. तंत्रज्ञ सांगत होते, पिशवीतून प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या काढतात. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. तांबड्या पेशी एसएजीएम द्रावणात, 2 ते 6 अंशांवर, 42 दिवस. म्हणजे 26 मेपर्यंत.

5 मे
दुपारी मत्स्योदरीच्या टेकडीकडे चिटपाखरू नाही. कॉलेजं बंद, शिबिरंही बंद. बाळंतपणं आणि अपघात मात्र थांबत नाहीत. 1943 साली, ऐन महायुद्धात, लाउटिट आणि मॉलिसन यांनी एसीडी द्रावण दिलं. त्यात रक्त 21 दिवस टिकायचं. तेच आज वापरात असतं तर जयंतीची प्रत्येक पिशवी आज बाद झाली असती.

19 मे
सीपीडीए द्रावणात रक्त 35 दिवस टिकतं. ती मुदत आज संपली असती. ही वाढ ॲडेनिनमुळे मिळाली. पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी त्याच्यामुळे टिकून राहतं. एसएजीएममध्ये शिवाय मॅनिटॉल असतं, ते पेशी फुटू देत नाही. तरीही पेशी थकतात, त्यांतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. रक्त चढवल्यावर 24 तासांनी किमान 75 टक्के पेशी रुग्णाच्या अंगात टिकल्या पाहिजेत. मुदत या कसोटीवर ठरते.

22 मे
शेजारच्या काकूंना रक्त लागलं. मुलगा म्हणाला, "सर, पिशवी महिन्याभरापूर्वीची आहे. शिळं रक्त चालतं का?" त्याला 2016 सालचा अभ्यास सांगितला: चार देशांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण, आणि ताज्या व जुन्या रक्ताने मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. नवजात बाळाचं रक्त बदलताना किंवा थॅलेसेमियाच्या मुलांसाठी ताजी पिशवी निवडतात. इतरांनी तसा हट्ट धरू नये. काकूंना तीच पिशवी चढवली.

26 मे
जयंतीच्या उरलेल्या पिशव्यांची मुदत आज संपते. ग्लिसरॉल घालून पेशी गोठवल्या तर दहा वर्षं राहतात, पण ते खर्चाचं काम; बॉम्बे गटासारख्या दुर्मिळ रक्तासाठीच परवडतं. शास्त्रज्ञांनी 21 चे 42 दिवस केले. पुढचं काम आपलं आहे. एप्रिलमध्ये रक्त दिलेल्या पुरुषांना तीन महिने, स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं. म्हणून तेव्हा ज्यांनी दिलं नाही, त्यांनी मे महिन्यात रक्तपेढीत जाऊन द्यावं.