घराच्या पोटांत

पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकानें सहसा रांगूं नये. वर्गांत उभें राहून तीस वर्षें बोलण्याची ज्यांना संवय जडली, त्या गुडघ्यांना तो व्यायाम मानवत नाहीं, आणि प्रतिष्ठेला तर मुळींच नाहीं. तथापि अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, रॅले शहराच्या एका शांत उपनगरांत, मी गेल्या उन्हाळ्यांत दोन दिवस रांगत होतों. आणि तेंही घरांत नव्हे, घराखालीं.

घर माझ्या धाकट्या बंधूचें. बावीस वर्षें त्यांत संसार करून त्यानें तें विकावयास काढलें होतें. गिऱ्हाईक ठरलें होतें, आणि पुढच्या आठवड्यांत त्या गिऱ्हाइकाचा तपासनीस येऊन घराचा छपरापासून पायापर्यंत पंचनामा करणार होता.

“दादा, वरचें सारें ठीक आहे,” बंधु म्हणाला, “खालचें मीं पाहिलेलें नाहीं.”

“केव्हांपासून?”

“घर घेतल्यापासून.”

मला नवल वाटलें नाहीं. न पाहिलेल्या गोष्टी ठीकच असतात, हा आमच्या घराण्याचा जुना सिद्धांत आहे.

कोंकणांतल्या आमच्या घराला असली अडचण नव्हती. त्याचें जोतें दगडमातीनें ठासून भरलेलें. त्याखालीं शिरावयाचें तर उंदराचा जन्म घ्यावा लागला असता. तिकडे मात्र पुष्कळ घरें भोंवतालच्या बुटक्या भिंतीवर आणि मधल्या विटांच्या खांबांवर तुळया टाकून उभारलेलीं असतात. जमीन लाकडी, आणि तिच्याखालीं दोन-तीन फूट उंचीची पोकळी. तींत पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि थंड हवेचीं नळकांडीं. या पोकळीला ‘क्रॉल स्पेस’ म्हणतात. इंग्रजी शिकवण्यांत माझें आयुष्य गेलें. पण या शब्दाचा अर्थ मला माझ्या गुडघ्यांनीं शिकवला.

ही पोकळी कोरडी राहावी म्हणून भिंतीला झरोके ठेवण्याची जुनी रीत आहे. १५० चौरस फूट जमिनीमागें १ चौरस फूट झरोका, असा त्याचा हिशेब. वारा खेळला कीं ओल जाते, हा त्यामागचा सरळ युक्तिवाद. पण त्या प्रांताचा उन्हाळा दमट. बाहेरची जड हवा झरोक्यांतून आंत येते, थंड नळकांड्यांना शिवते, आणि बर्फ घातलेल्या पेल्याला फुटावा तसा त्यांना घाम फुटतो. ती ओल लाकडांत मुरते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून पाणी अधिक झालें कीं बुरशीला तेथें बिऱ्हाड करणें सोपें जातें. या शतकाच्या आरंभीं रॅलेमधील ‘ॲडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेनें प्रिन्सव्हिल गांवीं १२ घरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं झरोके बंद करून जमिनीवर प्लास्टिक अंथरलेल्या पोकळ्याच अधिक कोरड्या राहतात. माझ्या आजीला या शोधाचें फारसें कौतुक वाटलें नसतें. श्रावणांत वाऱ्यावर टाकलेलें धोतर चार दिवस ओलेंच राहतें, हें तिला प्रयोगावांचून ठाऊक होतें.

कपाळाला दिवे बांधून आम्ही दोघे आंत शिरलों. तुळयांमध्यें खोंचलेल्या कांचतंतूंच्या गाद्या जागोजाग लोंबत होत्या. जुनें प्लास्टिक फाटून तांबडी चिकणमाती वर आली होती. घर बांधणाऱ्यांनीं टाकून दिलेले फळ्यांचे तुकडे आणि पुठ्ठे तसेच पडलेले, म्हणजे वाळवीला इतक्या वर्षांचें उघडें आमंत्रण. लांब तंगड्यांचे, बिनपंखी रातकिडे दिव्याच्या रोखानें थेट तोंडावर उडी घेत. आम्ही कचरा बाहेर ओढला. पट्ट्या फूट-फूटभर एकमेकींवर चढवून नवें प्लास्टिक अंथरलें. पन्हळीचें पाणी भिंतीच्या मुळाशींच पडत होतें, तें लांब नळीनें अंगणाच्या उतारावर सोडलें. वाळवी मातीच्या ज्या बारीक नळ्यांतून भिंत चढते, त्यांचा माग चारी बाजूंनीं काढला. एकही नळी दिसली नाहीं. मला उगाच विजयी वाटूं लागलें.

दुसऱ्या दिवशीं न्हाणीघराखालच्या तुळईंत मीं पेचकस टोंचला, आणि तो मुठीपर्यंत आंत गेला.

बंधु बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग जवळच पडलेली एक गादी उचलून त्यानें ती तुळईच्या कडेला दाबून बसवली. जागा दिसेनाशी झाली. त्या राज्यांत विक्रेत्याला घराच्या दोषांविषयीं एक छापील तक्ता भरून द्यावा लागतो. त्यांत ‘आहे’ आणि ‘नाहीं’ यांच्या जोडीला ‘याविषयीं आम्ही कांहीं सांगत नाहीं’ अशा अर्थाचें एक तिसरेंही उत्तर आहे. धर्मराजाला असा तक्ता मिळता, तर ‘नरो वा कुंजरो वा’ करण्याचें संकट त्याच्यावर ओढवलें नसतें. बंधूनें त्या तिसऱ्या उत्तरावरच खूण केलेली होती.

वडील भावानें दोन शब्द सांगावे असा तो प्रसंग. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. २००९ सालीं कोंकणांतलें घर मींच विकलें. माजघराची तुळई वाळवीनें आंतून पोखरलेली होती; वर नुसतें लाकडाचें कवच उरलें होतें. मीं त्यावर दोन हात तेलरंग दिला, आणि घर पाहावयास आलेल्या एका शाळामास्तरांना, त्यांच्या दोन लहान मुलांसह, त्याच तुळईखालीं पाट मांडून चहा दिला. पैशांचा अर्धा वाटा बंधूला पाठवला. रंगाची गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाहीं.

ती मीं तेथें, पोटावर पडून, त्याला सांगितली. कपाळावरचे दिवे एकमेकांच्या डोळ्यांत जाऊं नयेत म्हणून आम्ही दोघेही समोर पाहत होतों.

“ते लोक अजून तेथेंच राहतात?” त्यानें विचारलें.

“राहतात. तुळई त्यांनीं दुसऱ्याच पावसाळ्यांत बदलली, असें कानावर आलें. मी पुन्हा तिकडे फिरकलों नाहीं.”

त्यानें हात लांबवून गादी ओढून काढली.

संध्याकाळीं तक्ता दुरुस्त होऊन गेला. पुढें तपासनीस आला, पाऊण तास खालीं राहिला, आणि वर येऊन त्यानें कुजलेल्या तुळईचे फोटो दाखवले. प्लास्टिकच्या अंथरणीबद्दल तो एक बरा शब्दही बोलला. त्याचा मला अजून अभिमान वाटतो. जुन्या तुळईला नवी जोड बसविण्याचा खर्च बंधूच्या माथीं आला, आणि किंमतही थोडी उतरली. मी निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें हिशेबाचा कागद माझ्यापुढें सरकवला.

“यांतला अर्धा तुझा, दादा,” तो म्हणाला. “आणि माजघराच्या त्या तुळईचा अर्धा माझा. घरीं पोंचलास कीं कोंकणांत जा, आणि ती मास्तरांना केवढ्याला पडली तें विचारून ये.”