उतरती

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

सहा वाजता हॉल उघडला. दिवाळी तोंडावर आली आहे, तरी अकरा जण हजर. डोंबिवलीहून येणारी दोघं अंधारातच घर सोडतात, म्हणून मी चहाचा थर्मास घेऊन येते. गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा चालू आहेत आणि त्यात मल्लखांब आहे, त्यामुळे सगळ्यांचं निम्मं लक्ष फोनमध्ये. फोन बॅगेत ठेवायला लावले.

एफवायला यंदा चार नवे आले आहेत. चौघंही लहानपणी व्यायामशाळेत शिकलेले आणि दहावीच्या क्लासपायी सोडलेले. अशा मुलांच्या डोक्यात सगळं असतं, अंगात उतरत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी खांबाच्या टोकाच्या बोंडावर मयूरासन लावून दाखवायचं असतं. मी त्यांना दोन आठवडे फक्त उतरायला लावते. अढी मारायची, उलटं व्हायचं आणि पायांची पकड न सोडता वीत वीत खाली यायचं. खांब जमिनीपासून साडेआठ फूट. हात गादीला लागेपर्यंत घाई करायची नाही.

‘‘ताई, वरचं कधी?’’ एकाने विचारलंच.

‘‘खाली येता आलं की.’’

ज्याला कुठूनही खाली येता येतं, त्याचे हात वर कापत नाहीत. भीती उंचीची नसते, परतीची वाट ठाऊक नसण्याची असते. पंचवीस वर्षं शिकवते आहे, आणि नव्या मुलाला सांगायला याहून महत्त्वाचं मला काही सापडलेलं नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस दोरीचा. अंगठ्याएवढ्या जाडीची सुती दोरी वर हुकाला टांगलेली. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात ती धरून वर जायचं. नियम कडक आहे: गाठ मारायची नाही. दोरीचे वळसे अंगावर घ्यायचे, पण प्रत्येक वळसा असा हवा की सोडला की सुटला पाहिजे.

टीवायची मुलगी नवी उतरण बसवते आहे. दोरी उजव्या मांडीवरून कंबरेमागे, तिथून डाव्या काखेखालून पुढे. मी खाली उभी राहून तिच्या पायाच्या बोटांकडे बघत होते. चेहरा फसवतो, बोटं फसवत नाहीत. ती पांढरी पडली की समजायचं, मुलगी दोरीला धरून नाही, भीतीला धरून आहे.

‘‘श्वास सोड आधी.’’

तिने सोडला. बोटांना रंग आला. मग हात सोडले. दोरीने तिला तीन वेढे गरगर फिरवलं आणि डोकं गादीपासून हातभर वर असताना ती थांबली. हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. खाली आल्यावर मांडीवर लाल वळ उठला होता. त्यावर खोबरेल चोळता चोळता म्हणाली, ‘‘ताई, पुढच्या महिन्यात बँकेचा इंटरव्ह्यू आहे. हाताचे घट्टे दिसतील का हो?’’

मी म्हटलं, दिसले तर कशाचे ते सांग. पण घरी येताना लोकलमध्ये तिचा प्रश्न मनातून जाईना. एप्रिलमध्ये तिची परीक्षा. त्यानंतर ही दोरी तिच्या दिवसात कुठे असेल?

२० डिसेंबर, बुधवार

क्रीडा पुरस्कार जाहीर झाले. द्रोणाचार्य पुरस्कारांच्या यादीत मल्लखांबाचे प्रशिक्षक गणेश देवरुखकर सरांचं नाव आहे. याआधी उज्जैनच्या योगेश मालवीय सरांना तो मिळाला होता. मल्लखांबपटू हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या मुली हॉलमध्ये नाचल्या होत्या. आज नाचायची पाळी माझी होती. वाचताना डोळे भरून आले. मल्लखांब शिकवणं हा आयुष्यभराचा व्यवसाय असू शकतो, हे दिल्लीच्या कागदावर छापून आलेलं पाहायला आमच्या पिढीने फार वाट पाहिली.

अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं, तेव्हा तिथले जुने लोक अभिमानाने सांगायचे की १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ते ऐकून परत आले आणि १९९८ मध्ये कॉलेजात लागले. महिना आठशे रुपये मानधन, तेही तीन महिन्यांनी एकदम, जिमखान्याच्या फंडात शिल्लक असेल तर. आई विचारायची, ‘‘हे पर्मनंट कधी होणार गं?’’ सकाळी कॉलेज, संध्याकाळी दोन सोसायट्यांमधली लहान मुलं, मे महिन्यात शिबिरं. पैशांची ओढाताण झाली, ती झाली. पण सकाळी सहाला पोरं येतात, आणि ती आली की बाकीचं मागे पडतं. हे मी मनापासून लिहिते आहे.

२६ डिसेंबर, मंगळवार

दत्तजयंती. कॉलेज बंद. आज गुडघा दुखतो आहे. थंडीत दुखतोच.

१९९४ साल. मी वीस वर्षांची. एका संस्थेच्या वर्धापनदिनाला आमची प्रात्यक्षिकं होती. रंगमंच लाकडी, दोरी वरच्या लोखंडी पाइपाला बांधलेली, खाली एकच पातळ गादी. शेवटची उतरण घेताना पाइप सरकला. मी वाकडी पडले. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. कार्यक्रम चालूच राहिला. पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरी मुलगी होती.

पडल्याचा राग कधीच गेला. दुसरी गोष्ट मात्र सलत राहिली. दहा वर्षं मला सगळ्यांनी वर कसं जायचं ते शिकवलं. थांबायची वेळ आली तर थांबायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. मी आठ महिने घरात भिंतीकडे तोंड करून होते. शेवटी आमच्या व्यायामशाळेतले एक आजोबा घरी आले आणि म्हणाले, ‘‘सहा लहान पोरी आहेत. रोज संध्याकाळी बसून बघ नुसतं.’’ मी बसले. तिसऱ्या दिवशी एकीचा पाय चुकीचा पडताना दिसला आणि मी खुर्चीतून ओरडले. माझं शिकवणं तिथून सुरू झालं.

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

आजचा दिवस जड गेला.

टीवायचा आमचा सगळ्यात चांगला मुलगा. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या स्पर्धा. दोन महिने तो उजवा खांदा लपवतो आहे. दसरंगात हाताचा वेढा मानेमागून घेताना कोपर बोटभर खाली येतं, ते मला दिसत होतं. काल त्याला डॉक्टरांकडे नेलं. खांद्याच्या स्नायूची कंडरा अर्धी फाटली आहे. सहा महिने वर भार नको, नाहीतर शस्त्रक्रिया.

वडील रिक्षा चालवतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पुढेमागे मोठं पदक लागलं तर पोराचं भलं होईल, एवढ्या आशेवर त्यांनी त्याची सकाळची कामं अंगावर घेतली. आज ते स्वतः आले. ‘‘मॅडम, एकदाच उतरवा त्याला. दीड मिनिटाचा तर संच असतो.’’

स्पर्धेत ‘उतरवणं’ म्हणजे वर चढवणं. हा शब्द मी रोज ऐकते, आज टोचला.

मी नाही म्हटलं. सांगितलं की दीड मिनिट मला नको आहे, त्याचे पुढचे चाळीस वर्षांचे हात हवे आहेत. रिक्षा चालवायलाही खांदा लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार, असं म्हटल्यावर ते गप्प झाले. मुलगा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही. खांबाचं तेल पुसायचं फडकं हातात तसंच घेऊन निघून गेला.

२६ जानेवारी, शुक्रवार

काल रात्री पद्म पुरस्कार जाहीर झाले. उदय देशपांडे सरांना पद्मश्री! शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात सरांनी किती पिढ्या घडवल्या. दृष्टिहीन मुलांनाही शिकवलं. २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कलाच झाली, तेव्हा परदेशी मुलांना नमस्कार करून खांबावर चढताना पाहिलं होतं.

सकाळी झेंडावंदनानंतर आम्ही खांबावर मनोरा रचला. त्याआधी मुलांना बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असताना निजामाकडच्या मल्लांचं आव्हान आलं आणि वणीच्या सप्तशृंगीला त्यांना या विद्येचा दृष्टांत झाला, असं सांगतात. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही आहे. खांब हा मल्लाचा जोडीदार. तो दमत नाही, रागावत नाही, पण तुमची एक चूक सोडत नाही.

मनोरा उतरवताना वरून खाली, एकेक जण. घाई केली की कोसळतो. माझ्या शेजारी उभा राहून कुणीतरी आकडे मोजत होतं. वळून पाहिलं तर तोच, हात झोळीत. पंधरा दिवसांनी आला.

१८ फेब्रुवारी, रविवार

आमची जुनी मुलगी अमेरिकेत शिकते आहे, तिचा तासभर फोन. तिच्या विद्यापीठात मुलींचा एक खेळ आहे, ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग. काल पहिल्यांदा सामना पाहून आली आणि तिला आमचा हॉल आठवला. सामन्याच्या सहा फेऱ्या: आधी ठरवून दिलेले प्रकार, मग ॲक्रो, मनोरा, उंच फेक, जमिनीवरच्या कोलांट्या आणि शेवटी सगळ्या संघाचा मिळून एक संच. खाली उभ्या असतात त्या बेस, वरची ती टॉप. २०२० मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने, एनसीएएने, त्याला मुलींच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतलं.

मी प्रशिक्षकांबद्दल विचारलं. फेलिशिया मल्की हे नाव तिने सांगितलं. २०११ ते २०१४ ऑरेगनला चार राष्ट्रीय विजेतेपदं, मग टेक्सासच्या बेलर विद्यापीठात आल्या आणि २०१५ पासून बेलरच जिंकत आलं आहे. मध्ये २०२० साल तेवढं कोविडमध्ये गेलं. तिथे हे पूर्ण वेळेचं, पगाराचं पद. हाताखाली सहायक प्रशिक्षक, खेळाडूंना शिष्यवृत्त्या. ऐकताना हेवा वाटला, हे खरं. आमच्या मुलींना असं मिळायला हवं, हेही खरं.

‘‘पण ताई,’’ ती म्हणाली, ‘‘पदवी मिळाली की त्यांचाही खेळ संपतो. पुढे व्यावसायिक असं काही नाही.’’

म्हणजे तिथल्या प्रशिक्षकाच्या हातातही मूल चार-पाच वर्षांचंच. इतक्या वर्षांत त्याला वर न्यायचं आणि एका ठरलेल्या तारखेला खाली आणायचं. त्यांच्याकडे वरून येणारी मुलगी खालच्यांच्या हातांत झेलली जाते. आमच्याकडे ती गादीवर एकटी उतरते. तेव्हा झेलणारे हात तिला आधीच शिकवून ठेवावे लागतात, तिचे तिच्याच अंगात.

९ मार्च, शनिवार

संघ विद्यापीठात तिसरा आला. दोरीवाल्या मुलीला बँकेची नोकरी लागली आहे. काल पेढे घेऊन आली. घट्ट्यांबद्दल त्यांनी विचारलं होतं म्हणे आणि तिने दहा मिनिटं दोरीबद्दल सांगितलं.

आज सराव संपल्यावर तो मुलगा थांबला. डॉक्टरांनी हलक्या पकडीला परवानगी दिली आहे, मी चिठ्ठी वाचली. ‘‘ताई, एक संच करू? हातावर भार नाही घेत. सगळा पायांवर बसवलाय.’’

एफवायची चौघं निघाली होती, ती दाराशीच बसली. मी गादी दुहेरी केली आणि खांबापाशी उभी राहिले. त्याने नमस्कार केला. स्टुलावरून वर गेला. बोंडाखाली मानेला अढी घातली, उलटा झाला, उजवा हात पोटाशी धरला. मग सुरुवात केली. एक पाय सैल, दुसरा घट्ट. दुसरा सैल, पहिला घट्ट. मध्ये थांबून अढी बदलली, पुन्हा वीत खाली. तेल त्याला सोडत होतं, राळ धरत होती. एकही उडी नाही, झाप नाही, टाळी घेणारं काहीच नाही. पूर्ण संच फक्त उतरतीचा. एवढी सावकाश उतरती मी आजवर पाहिली नव्हती. घड्याळ लावलं नव्हतं, पण दीड मिनिटाहून बरंच जास्त झालं. त्याचा डावा तळहात गादीला टेकला, मग खांदा न वळवता पाय आले, आणि तो उभा राहिला. पाय हलला नाही.

चौघांपैकी एकाने हळूच विचारलं, ‘‘हे आम्हाला शिकवाल?’’

प्रश्न माझ्याकडे बघून नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाद्या उचलायला लागले.

‘‘सोमवारी ये,’’ तो म्हणाला, ‘‘पावणेसहाला.’’ मग बॅगेतून ते फडकं काढलं, धुऊन घडी घातलेलं, आणि खांब बोंडापासून खालपर्यंत पुसून घेतला.