वारकऱ्यांची रांग आणि दोन 'ऱ्य'

प्रिय फोटो-कॅटलॉग,

गेल्या आषाढात आमच्या मासिकाच्या वारी विशेषांकाची पानं लागत होती. दिवे घाटाचा फोटो हवा होता आणि तू प्रत्येक छोट्या चित्रावर प्रश्नचिन्ह टांगलं होतंस. 'फाइल सापडत नाही.' आमच्या जुन्या छायाचित्रकारांनी आयुष्यभर काढलेल्या निगेटिव्हचे ते स्कॅन. माझ्या पोटात गोळा आला.

गेलं काहीच नव्हतं. तू फोटो स्वतःजवळ ठेवत नाहीस, त्यांचा पत्ता तेवढा टिपून ठेवतोस. कुणीतरी हार्डडिस्क काढून परत लावली, विंडोजने तिला 'ई'ऐवजी 'एफ' हे अक्षर दिलं आणि तू जुन्याच घराचं दार ठोठावत राहिलास. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला पुन्हा 'ई' दिलं, तशी सगळी प्रश्नचिन्हं मावळली. तेव्हापासून विभागात नवीन येणाऱ्याला मी आधी हेच सांगते: प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून 'रिमूव्ह' दाबायचं नाही आणि फोटो परत इम्पोर्ट करायचे नाहीत. परत घेतले की फोटो दिसतात, पण त्यांच्याखाली लिहिलेलं सगळं कोरं झालेलं असतं. फोल्डर हलवायचा तोही तुझ्यातूनच, एक्सप्लोररमधून नाही.

पत्त्याचा घोळ निस्तरता येतो. मला खरी ठेच लागते ती आपल्या अक्षरांपाशी. 'वारकऱ्यांची' असं शोधलं की तू निम्मेच फोटो काढून देतोस. कारण हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणी खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडतो, कुणी साध्या 'र'चा पाय मोडून पुढे न दिसणारा जॉइनर घालतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, तुझ्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. मराठीत शेतकरी, गावकरी, वारकरी यांचं सामान्यरूप या अक्षरावाचून होतच नाही. ही दोन रूपं शोधताना एकच धरणं तुला जमायला हवं, आणि हे मी हक्काने मागते आहे.

दुसरं मागणं ओळींचं. फोटोंखाली आम्ही लिहिलेल्या ओळी तू तुझ्या डेटाबेसमध्ये ठेवतोस. सेटिंगमध्ये जाऊन सांगितल्याशिवाय त्या फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाहीत. फाइलमध्येच माहिती लिहिण्यासाठी एक्सएमपीची सोय २००१ पासून आहे. मग ती मुळातच चालू का नसावी?

डोक्यावर तुळस घेतलेल्या एका म्हातारीचा फोटो आहे. तिच्या गावाचं नाव छायाचित्रकारांनी निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं. ते पाकीट वाळवीने खाल्लं, आणि विचारायला आता तेही नाहीत. गावाचं नाव उरलं होतं ते एकट्या तुझ्यात. आज दुपारी ते मी फाइलमध्ये उतरवलं, तुला बंद करून फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला. नाव दिसलं. आता बाकीच्या फोटोंना हात घालते.

तुझी,
फोटो विभागातली एक