आज माझा उपवास नाही!

मी कॉन्व्हेंटची, मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.

फर्स्ट इयरला मी संकष्टी, गुरुवार, एकादशी सगळं धरायचे. मेसच्या काकू म्हणायच्या, "केवढी श्रद्धा पोरीची!" श्रद्धा कसली... न जेवायला ते सोयीचं कारण होतं. एकदा प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडले, तेव्हा आजाराचं नाव कळलं. अॅनोरेक्सिया.

उपचार झाले, वजन भरलं. वाटलं, सुटले! पण डॉक्टर म्हणाल्या, "खरं जपायचं ते पहिलं वर्ष." मग आम्ही एक कागद लिहिला. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, चार तासांहून जास्त गॅप नको. रोज वजनकाटा नको. उपवास नको. धोक्याच्या खुणा: एकटीने जेवणं, खोटी कारणं देणं. एक कॉपी रूममेटकडे.

गेल्या पीएलमध्ये मी सहज बोलून गेले, "आज उपवास आहे गं." ती काहीच बोलली नाही. कपाटावरच्या कागदावर बोट ठेवलं आणि दोन ताटं घेऊन आली. रडत रडत अर्धी पोळी खाल्ली. एक जेवण चुकलं म्हणजे सगळं संपत नाही, पुढचं वेळेवर जेवायचं, एवढंच.

काकू, आज संकष्टी ना? माझं ताट वाढा!